‘रिॲक्शन’: एका शब्दाचा आणि एका भीतीचा इतिहास

परभाषेतून आलेले काही शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरतात की त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही आणि त्यांना प्रतिशब्दही कोणी शोधत नाही. ‘रिॲक्शन’ हा असाच एक शब्द. अमरावती-अकोल्याकडे ‘त्याले सुईची रिॲक्शन झाली’ हे वाक्य एसटीच्या थांब्यावर, बाजारात, रुग्णालयाच्या व्हरांड्यात सहज कानावर पडते. ऐकणारा मान डोलावतो. पण या वाक्याने नेमके काय सांगितले? अंगावर पुरळ उठले, की उलटी झाली, की हुडहुडी भरून ताप आला, की धडधाकट माणूस दहा मिनिटांत गेला? चारही अर्थ त्या एका शब्दात कोंबलेले आहेत. अनेकार्थता ही भाषेची श्रीमंती आहे असे आपण वर्गात शिकवतो, आणि कवितेपुरते ते खरेही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या अनेकार्थतेचा विचार करणार आहोत, तिची किंमत मात्र वऱ्हाडातील माणसांना जिवाने मोजावी लागते.

‘रिॲक्शन’ येण्यापूर्वी मराठीत या अनुभवासाठी शब्द नव्हते असे नाही. ‘वावडे’ हा त्यातला सर्वांत परिचित. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला शेंगदाण्याचे. पुढे हाच शब्द लक्षणेने सरकत जातो आणि एखाद्याला शिस्तीचे किंवा सत्याचेही वावडे असू शकते. ‘पित्त उठणे’ आणि ‘अंगावर गांधी येणे’ हे दुसरे दोन प्रयोग. गांधी म्हणजे खाजणाऱ्या, उंचवटलेल्या लालसर गाठी. त्यांवर आमसुलाचे पाणी चोळणे हा घरोघरचा उपाय. आयुर्वेदात ‘सात्म्य’ आणि ‘असात्म्य’ ही विचारपूर्वक घडवलेली जोडी आहे. ‘माधवनिदाना’त शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांसाठी स्वतंत्र अध्याय असून त्वचेवर उठणाऱ्या गाठींची तुलना तेथे गांधीलमाशीच्या दंशाने येणाऱ्या सुजेशी केलेली आहे. मराठी बोलण्यातही ‘गांधी’ आणि ‘गांधीलमाशी’ हे शब्द शेजारीच राहतात.

निरीक्षण म्हणून हे सारे मोलाचे आहे. तथापि या शब्दांत एक गोष्ट समान दिसते. ते सगळे त्वचेचे आणि पोटाचे शब्द आहेत, तक्रारीचे आणि गैरसोयीचे शब्द आहेत. वावड्याने माणूस अस्वस्थ होतो, पित्ताने खाजवतो. तीच प्रक्रिया काही वेळा त्वचेवर न थांबता श्वास आणि रक्तदाब यांच्यावर घसरते आणि मृत्यूपर्यंत नेते, ही जाणीव यांपैकी एकाही शब्दात साठवलेली नाही. ती जाणीव वैद्यकालाही उशिराच आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला सीरम हा युरोपात चमत्कार मानला जात होता. १८९६ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट लांगरहान्स या विकृतिशास्त्रज्ञाच्या लहानग्या मुलाला हा सीरम टोचण्यात आला आणि मूल काही मिनिटांत गेले. या मृत्यूने जर्मनीत खळबळ उडाली, पण त्याला नाव मिळाले नाही. नाव मिळाले ते १९०२ साली. (याच वर्षाच्या नोव्हेंबरात निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देऊन टाकले. आपल्या प्रदेशाच्या इतिहासात ते वर्ष वेगळ्याच कारणाने नोंदलेले आहे.)

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ एका विषारी समुद्रजीवाच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफूल या प्राण्याच्या विषावर प्रयोग पुढे चालवले. विषाची अल्प मात्रा सोसलेला कुत्रा पुढच्या वेळी अधिक कणखर होईल ही लस टोचण्यामागचीच कल्पना त्यांच्या मनात होती. नेपच्यून नावाच्या एका सुदृढ कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचवली. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला तेवढीच मात्रा पुन्हा दिली, तेव्हा काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो कोसळला आणि २५ मिनिटांत मेला. विष तेच होते आणि प्रमाणही तेच. बदलले होते ते शरीर. शरीराने विषाची ओळख ठेवली होती आणि ती ओळखच त्याच्यावर उलटली. ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. त्याच्या उलट जाणारे ते ‘ॲनाफिलॅक्सिस’, असा शब्द रिशेने घडवला. १९१३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

चार वर्षांनी, १९०६ मध्ये, व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘ॲलर्जी’ हा शब्द बनवला. सीरम टोचलेल्या मुलांना होणारा आजार तो बेला शिक या सहकाऱ्यासह अभ्यासत होता. ‘ॲलर्जी’चा मूळ अर्थ ‘बदललेली प्रतिक्रिया’ एवढाच. त्यात उपकारक आणि अपकारक दोन्ही बदल सामावलेले होते. पुढे शब्द सैल झाला आणि शिंकेपासून मृत्यूपर्यंत सर्वत्र पसरला. आपल्याकडे ‘रिॲक्शन’चे जे झाले, ते युरोपात ‘ॲलर्जी’चे आधीच होऊन गेले होते. रिशेचा शब्द मात्र अवघड राहिला, आणि अवघड असल्यामुळेच नेमका राहिला.

या उलटलेल्या ओळखीची यंत्रणा उलगडायला आणखी साठ वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी, आज ‘आयजीई’ म्हणून ओळखले जाणारे प्रतिपिंड शोधले. पहिल्या भेटीत शरीर हे प्रतिपिंड तयार करते आणि ते ठरावीक पेशींवर जाऊन बसते. दुसऱ्या भेटीत तोच पदार्थ त्यांना चिकटला की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर द्रव्ये एकदम ओततात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात, श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. अशा वेळी दहा मिनिटांत रक्तातील सुमारे एक तृतीयांश द्रव वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. रक्त शरीराबाहेर एक थेंबही पडत नाही, तरी हृदयाला ढकलायला पुरेसे रक्त उरत नाही.

इतिहासाचा योगायोग असा की आजाराला नाव मिळण्याच्या सुमारासच त्याचे औषधही हाती आले होते. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने आणि केइझो उएनाका यांनी प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. सैल पडलेल्या वाहिन्या ते आवळते, आवळलेल्या श्वासनलिका सैल करते, हृदयाला जोर देते आणि त्या पेशींतून होणारा द्रव्यांचा स्राव आटोक्यात आणते. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जे जे बिघडते, ते ते सावरण्याचे काम हे एकच द्रव्य करते. शंभर वर्षांनंतरही त्याची जागा दुसऱ्या औषधाने घेतलेली नाही. म्हणजे या मृत्यूवर उपाय नाही असे विसाव्या शतकात कधीच नव्हते. प्रश्न ओळखण्याचा होता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. प्लेगवरील लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची मुंबईतील प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती ‘हाफकिन संस्था’ म्हणून ओळखली जाऊ लागली. सर्पविषावरील प्रतिविष तयार करणाऱ्या भारतातील संस्थांत तिचे नाव मोठे आहे. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत आणि इतरांनी १८९४ मध्ये ज्या तत्त्वाची पायाभरणी केली, तेच येथेही वापरले जाते. घोड्याला विषाच्या चढत्या मात्रा टोचायच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंड वेगळे करायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकच औषध चालते ते त्यामुळेच. पण घोड्याचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके. बर्लिनच्या त्या मुलाच्या बाबतीत जो धोका उघड झाला, तो प्रतिविषाच्या प्रत्येक कुपीत थोडाफार असतोच.

दुसरे गाव पिंपरी. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तेथे उभा राहिला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. न्यूमोनिया, जखमा चिघळणे, बाळंतज्वर यांनी मरणारी माणसे त्यामुळे वाचली. सुईवरचा ग्रामीण विश्वास बळावण्यात पेनिसिलिनच्या अनुभवाचा वाटा मोठा आहे. मात्र पेनिसिलिनने ॲनाफिलॅक्सिस होऊन मृत्यू येऊ शकतो, हे अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकांत १९४९ मध्येच नोंदले गेले होते. विश्वास आणि भीती अशा रीतीने एकाच सुईतून आल्या. कोपराखाली त्वचेत थोडे औषध टोचून पाहण्याची ‘टेस्ट’ हा त्या भीतीतून रूढ झालेला विधी.

भीती अगदीच निराधार नव्हती, पण तिचे माप चुकले. सांधेज्वराने हृदयाच्या झडपा निकामी होऊ नयेत म्हणून मुलांना वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने द्यावी लागतात. या मुलांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३२ हजारांहून अधिक इंजेक्शनांत ॲनाफिलॅक्सिसचे ४ प्रसंग घडले आणि १ मृत्यू झाला. ती इंजेक्शने टाळल्यास हृदयाला होणारी हानी याहून कितीतरी मोठी असते. ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असे सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहांपैकी सुमारे नऊजणांना ते औषध चालते, हेही आता सिद्ध झालेले आहे. कधीकाळी उठलेले पुरळ ‘रिॲक्शन’ या शब्दात शिरते आणि जन्मभर त्या माणसाच्या कागदांवर राहते.

सर्पदंशात मात्र हा चुकलेला हिशेब थेट जिवावर बेततो, आणि येथे आपण वऱ्हाडाच्या शेतात येऊन पोचतो. खेड्यांत ‘साप चावला’ असे म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. ज्याचे नाव घेऊ नये त्याचे नाव टाळण्याची ही जुनी रीत आहे. मृगानंतर पेरणी, निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी आणि रात्रीची जागल या साऱ्या काळात पान लागते ते प्रामुख्याने शेतकऱ्याला, मजुराला आणि मेळघाटातील कोरकू माणसाला. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले होते.

प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके चांगले. ते मिळण्याची पहिली जागा म्हणजे गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पण प्रतिविषाने ‘रिॲक्शन’ येते ही धास्ती रुग्णाच्या नातेवाइकांना असते तशी एकट्याने रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरलाही असते. त्यामुळे पहिली मात्रा न देताच किंवा अपुरी देऊन रुग्णाला पुढे धाडले जाते, असे भारतातील सर्पदंशाच्या उपचारांविषयी जाणकारांनी वारंवार लिहिलेले आहे. धारणीहून अमरावतीचे इर्विन रुग्णालय घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. या अंतरात घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवू शकते आणि मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे करू शकते. ज्या धोक्यावर मांडीत टोचण्याचे स्वस्त औषध आहे, त्याला भिऊन ज्या धोक्यावर वाटेत कोणतेच औषध नाही तो पत्करला जातो.

ही भीती दूर करणारे ज्ञान गुप्त नाही. २००९ च्या राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धतीत प्रतिविषाची ‘टेस्ट’ करू नये असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रतिविषाने येणाऱ्या बहुतेक तीव्र प्रतिक्रिया आयजीईच्या मार्गाने येतच नाहीत. म्हणून त्या पहिल्याच मात्रेलाही येतात आणि त्वचेवरील चाचणीत दिसत नाहीत. चाचणीत वेळ मात्र जातो. त्याऐवजी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून तयार ठेवायचे, प्रतिविष शिरेतून सुरू करायचे आणि रुग्णाजवळ थांबून पाहायचे. खाज, गांधी, खोकला, उलटी, घरघर यांपैकी काही दिसू लागताच प्रतिविष थांबवायचे आणि ॲड्रेनलिन द्यायचे. रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू करायचे. ‘रिॲक्शन’ आली म्हणजे उपचार संपला असे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत हजाराहून अधिक रुग्णांना प्रतिविष देण्याआधी वेगवेगळी औषधे देऊन पाहिली गेली. अल्प मात्रेतील ॲड्रेनलिनने पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिझोनचा आणि प्रोमेथाझिन या खाजेवरील औषधाचा तसा उपयोग झाला नाही.

हा निष्कर्ष आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ‘रिॲक्शन’ म्हटले की एव्हिल आणि डेक्सा यांची इंजेक्शने आठवतात. एव्हिलने खाज कमी होते आणि डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात. कोसळणारा रक्तदाब किंवा बंद होणारा घसा ही दोन्ही औषधे वेळेत सावरू शकत नाहीत. शब्द सौम्य असला की औषधही सौम्य निवडले जाते.

मग प्रत्येक दंशावर ॲड्रेनलिन द्यावे काय? येथे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामाची आठवण करून देणे आवश्यक आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मुले का मरतात याचा शोध त्यांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून सुरू केला. त्या दंशात शरीर स्वतःच ॲड्रेनलिन आणि तत्सम द्रव्यांचा पूर आणते, वाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. त्यावर वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केले. म्हणजे एका दंशात जे द्रव्य मारते, तेच दुसऱ्या प्रसंगी तारते. दोन्हीकडे माणूस घामाने भिजलेला आणि धापा टाकणारा दिसतो. फरक करतो तो बारकाईने पाहणारा. बावस्करांचे मोठेपण औषधाइतकेच त्या पाहण्यात आहे.

ॲनाफिलॅक्सिसच्या बाबतीत काय पाहायचे, हे सामान्य वाचकालाही सांगता येईल इतके सोपे आहे. इंजेक्शन, गांधीलमाशीचा किंवा आग्यामोहोळातील माशीचा दंश, शेंगदाणे किंवा मासळीसारखा पदार्थ यांनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले आणि त्याबरोबर आवाज बसला, घरघर लागली, चक्कर आली किंवा पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तर ते वावडे नव्हे, तो ॲनाफिलॅक्सिस. दहांपैकी एक-दोन रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून पुरळ नाही यावर निर्धास्त राहू नये. अशा माणसाला पाय उंच करून आडवे निजवावे. श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करू नये आणि चालवत नेऊ नये. उभे राहताच हृदयाकडे येणारे रक्त तुटते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द उच्चारावा. उपचार करणाऱ्याने मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत द्यावे आणि उतार नसेल तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा द्यावे. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधील मृत्यूंचा अभ्यास करून २००० साली दाखवले की हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि औषधाच्या बाबतीत ५ मिनिटे होता. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचे इर्विन कितीही चांगले असले, तरी पाच मिनिटांत तेथे कोणी पोचत नाही. उपचार जेथे सुई टोचली तेथेच व्हायला हवा.

ज्ञान शतकभर जुने, औषध स्वस्त, पद्धती लिहिलेली. तरी अंतर उरते ते बऱ्याच अंशी शब्दांचे आहे असे आम्हाला वाटते. मराठी विश्वकोशाने ॲलर्जीसाठी ‘अधिहृषता’ ही संज्ञा वापरली. संज्ञा अभ्यासपूर्ण आहे, पण ती विश्वकोशाबाहेर पडून शेताच्या बांधावर आली नाही. बांधावर ‘रिॲक्शन’च राहिली. आमच्या मते येथे नव्या संस्कृत प्रतिशब्दाचा आग्रह धरण्यापेक्षा ‘ॲनाफिलॅक्सिस’ हाच शब्द देवनागरीत रुळवावा. ‘मलेरिया’ रुळला, ‘हार्टअटॅक’ रुळला. ‘हार्टअटॅक’ या शब्दाने ‘छातीत वायू धरला’ या समजुतीला बरेच मागे सारले आणि माणसे वेळेत रुग्णालयात जाऊ लागली. शब्दाने उपचार होत नाही हे खरे, पण घाई कधी करायची हे शब्द सांगतो.

आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ज्या भूमीत चक्रधरांच्या परंपरेने संस्कृताऐवजी लोकांच्या मराठीत ज्ञान सांगण्याचा आग्रह धरला, तेथील विद्यापीठाकडून शास्त्रीय मराठीविषयी अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘प्रतिविषाला भिऊ नका, ॲनाफिलॅक्सिस ओळखा, त्यावर औषध येथेच आहे’ अशी ओळ साध्या मराठीत आणि शक्य तेथे कोरकूतही लिहिली जावी. आम्ही आणि आमचे वाचक शब्दांवर उपजीविका करणारी माणसे आहोत. वर्गात पुढ्यात बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी पान लागण्याची भीती दर पावसाळ्यात असते. ‘रिॲक्शन’ म्हणजे नेमके काय, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावणे आपल्या विषयाच्या कक्षेत येते.